स्पॅनिश क्रियापदे: अक्षरांची फोड आणि धातू-प्रत्ययांची फोड वेगवेगळी का येते?

प्रश्न: नवशिकी

नमस्कार. मी स्पॅनिश शिकत असून सध्या डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या बी-१ पातळीची तयारी करीत आहे. परीक्षेत क्रियापदे तोडून दाखवायला सांगत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही माझ्याकडील व्याकरणाच्या पुस्तकात तसा सराव दिलेला आहे आणि तो करताना जी शंका आली ती सुटल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्पॅनिश रूपे मी देवनागरीत लिहीत आहे आणि जिथे तुकडा व्यंजनावर संपतो तिथे पायमोड दाखवीत आहे.

‘कान्ताबामोस’, म्हणजे ‘आम्ही गात होतो’, हे रूप एका प्रकरणात ‘कान्-ता-बा-मोस्’ असे तोडले आहे आणि पुढच्याच प्रकरणात ‘कान्त्-आ-बा-मोस्’ असे. दोन्हीकडे तुकडे चारच आणि शेवटचे दोन तर अगदी सारखे, त्यामुळे हा छपाईचा घोळ असावा असे आधी वाटले. परंतु ‘आब्लामोस’ (आम्ही बोलतो) हे रूपही एकदा ‘आ-ब्ला-मोस्’ आणि एकदा ‘आब्ल्-आ-मोस्’ असे आढळले, आणि ‘कान्ताइस’ (तुम्ही गाता) याचे तर एका ठिकाणी दोन आणि दुसऱ्या ठिकाणी तीन तुकडे केलेले दिसले. पहिली फोड अक्षरांची आणि दुसरी धातू-प्रत्ययांची आहे एवढे शीर्षकांवरून समजते. मला विचारायचे आहे ते असे की, एक फोड हाती असली तर तिच्यावरून दुसरी काढण्याचा काही नियम आहे का? ‘कान्तामोस’मधला न् मागे राहतो आणि ‘आब्लामोस’मधला ब् मात्र पुढे जातो, असे का? आणि भविष्यकाळाचे ‘कान्तारे’ (मी गाईन) हे रूप काही जण ‘कान्त्-आ-रे’ आणि काही जण ‘कान्तार्-ए’ असे तोडतात, त्यांपैकी ग्राह्य कोणते?

उत्तर: हलन्त

एका फोडीवरून दुसरी काढण्याचा नियम नाही, आणि तो शोधू नये असे मी सुचवेन. अक्षरांची फोड केवळ ध्वनींवर चालते. शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक नसला, किंबहुना तो शब्द निरर्थक असला, तरी ती तशीच होईल. धातू-प्रत्ययांची फोड मात्र एकट्या शब्दाकडे पाहून करताच येत नाही, कारण त्याच क्रियापदाची इतर रूपे आणि तेच प्रत्यय घेणारी इतर क्रियापदे शेजारी ठेवल्यावरच कोणता तुकडा कशाचा हे कळते.

आपण शाळेत संस्कृत घेतले असेल तर हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. ‘वदामः’ म्हणताना आपण व-दा-मः असे म्हणतो, पण व्याकरणाच्या फोडीत तो शब्द वद् + अ + मः असा असतो आणि द् धातूचा असूनही उच्चारात पुढच्या स्वराला जाऊन मिळतो. मधल्या ‘अ’ला आपण विकरण म्हणतो आणि मकारादी प्रत्ययापूर्वी तो दीर्घ होतो. स्पॅनिश ‘कान्त्-आ-मोस्’ची बांधणी हीच आहे: धातू, विकरणासारखा स्वर, पुरुषवाचक प्रत्यय. हे साम्य योगायोगाचे नव्हे. लॅटिन ‘कान्तामुस’मधला ‘मुस’ आणि संस्कृत ‘मस्’ हे एकाच भारत-युरोपीय घराण्यातले आहेत, तसेच लॅटिन ‘कान्तान्त’मधला ‘न्त’ आणि ‘वदन्ति’मधला ‘न्ति’ हेही. स्पॅनिशने त्यातला शेवटचा त् गाळला आणि ‘कान्तान’ (ते गातात) एवढेच उरले. संस्कृतात जसे धातूंचे गण, तशा स्पॅनिशमध्ये आर, एर आणि इर या शेवटांवरून ओळखल्या जाणाऱ्या तीन कोटी, म्हणजे वर्ग, आहेत आणि प्रत्येकीचा विकरण-स्वर तेवढा बदलतो.

आता तुकडे ओळखावेत कसे? ‘कान्तामोस’, ‘कान्ताबामोस’, ‘कान्तारामोस’ ही तीन रूपे एकाखाली एक लिहावीत. तिन्हींमध्ये ‘कान्ता’ आणि ‘मोस्’ समान आहेत. बदलतो तो मधला भाग: पहिल्या रूपात तेथे काहीच नाही, दुसऱ्यात ‘बा’ आणि तिसऱ्यात ‘रा’, आणि त्याबरोबर काळ व अर्थ बदलतो. मग ‘कान्ताबास’, ‘कान्ताबामोस’, ‘कान्ताबान’ अशी रूपे घ्यावीत. येथे शेवटचा भाग बदलतो आणि त्याबरोबर पुरुष व वचन बदलते. शेवटी ‘कान्तामोस’, ‘कोमेमोस’ (आम्ही खातो), ‘आब्रिमोस’ (आम्ही उघडतो) ही तीन कोटींतली रूपे शेजारी ठेवली की आ, ए, इ हे स्वर सुटे होतात आणि कान्त्, कोम्, आब्र् हे धातू हाती राहतात. धातू, विकरण-स्वर, काळ आणि पुरुष-वचन हे चार कप्पे प्रत्येक रूपात भरलेले असतीलच असे मात्र नाही. ‘कान्ताबा’ हे रूप ‘मी’ आणि ‘तो’ या दोहोंसाठी वापरतात, कारण शेवटचा कप्पा तेथे रिकामा आहे. ‘कान्तो’मध्ये तर विकरण-स्वर लोपलेला असून एकटा ‘ओ’ वर्तमानकाळ, प्रथम पुरुष आणि एकवचन असा सगळा भार वाहतो. ‘ओ’चे आणखी तुकडे पाडण्याचा हट्ट काही पुस्तके धरतात, तो मला व्यर्थ वाटतो.

स्पॅनिश नियमित धातू जवळजवळ नेहमी व्यंजनान्त असतो आणि त्याच्या पुढे स्वर येतो. उलट, स्पॅनिश उच्चाराचा पहिला नियम असा की, दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराबरोबर जाते. धातूचे शेवटचे व्यंजन त्यामुळे उच्चारात पुढे खेचले जाते आणि दोन फोडी नेमक्या धातू आणि विकरण-स्वर यांच्या सांध्यावर वेगळ्या होतात. त्यापुढचे ‘बा’, ‘मोस्’ हे तुकडे व्यंजनाने सुरू होत असल्यामुळे ते आपोआप जुळतात, आणि म्हणूनच आपल्याला शेवटचे दोन तुकडे सारखे दिसले. ‘कान्ताइस’मध्ये तसे होत नाही, कारण ‘इस्’ हा प्रत्यय स्वराने सुरू होतो आणि आधीच्या ‘आ’शी त्याचा संयुक्त स्वर बनतो. प्रत्ययांच्या हिशेबाने कान्त्-आ-इस् असे तीन भाग, उच्चाराने कान्-ताइस् अशी दोनच अक्षरे. जुन्या स्पॅनिशमध्ये हे रूप ‘कान्तादेस’ होते. मधला द् पुढे लोपला म्हणून ही गर्दी झाली.

न् आणि ब् यांचे उत्तर आपल्या वृत्तांच्या अभ्यासात आहे. मराठीत जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर ते गुरू मानतात, म्हणजे जोडाक्षराचा पहिला भाग मागे टेकतो. ‘कान्ता’चे स्पॅनिश उच्चारण तसेच आहे, कान्-ता, देवनागरी लिपी ते का-न्ता असे दाखवते म्हणून डोळा फसतो. मात्र प, ब, त, द, क, ग, फ यांच्यापुढे र आला, किंवा त आणि द वगळून यांच्यापुढे ल आला, तर स्पॅनिशमध्ये ती जोडी फुटत नाही आणि मागच्या अक्षरावर आघातही येत नाही. म्हणून आ-ब्ला-मोस्, आ-ब्रो. आपण ‘पुत्र’ म्हणताना त् दाबतो त्या सवयीने ‘आब्रो’चा उच्चार ‘आब्-ब्रो’ असा करू लागलो तर स्पॅनिश कानाला तो खटकेल.

उत्तर: मांडवीकाठ

भविष्यकाळाविषयी मी लिहितो. ‘कान्त्-आ-रे’ आणि ‘कान्तार्-ए’ या दोन्ही फोडी बरोबर आहेत, फक्त पहिली आजच्या भाषेची आहे आणि दुसरी इतिहासाची. उत्तरकालीन लॅटिनमध्ये जुना भविष्यकाळ मागे पडला आणि त्याच्या जागी ‘गाणे आहे मला’ अशा वळणाची रचना आली: ‘गाणे’ या अर्थाचे लॅटिन धातुसाधित ‘कान्तारे’ आणि त्यामागे ‘असणे, जवळ असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा वर्तमानकाळ. त्या सहाय्यक क्रियापदाची स्पॅनिशमधली रूपे ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन अशी आहेत. भविष्यकाळाचे शेवट ए, आस, आ, एमोस, एइस, आन. फरक फक्त पाचव्या रूपात, आणि तोही झिजण्याचा. मराठीत ‘करतो आहे’चे ‘करतोय’ होते तेव्हा ‘आहे’ची जी गत होते, तीच तेथे शतकानुशतके होत गेली.

जुन्या स्पॅनिशमध्ये हा सांधा इतका सैल होता की त्यामध्ये सर्वनाम घालता येत असे. ‘तुला देईन’ यासाठी ‘दार ते ए’ असे लिहीत. स्पॅनिशने ती सोय सोडून दिली, परंतु पोर्तुगीजने ती औपचारिक लेखनात आजही राखली आहे. गोव्यात १९६१ पर्यंत ज्यांचे शिक्षण पोर्तुगीजमधून झाले त्यांना ‘दार-ते-एइ’ आणि ‘कान्ता-लो-एइ’ (ते गाईन) ही रूपे व्याकरणाच्या तासाला घोकावी लागत. स्पॅनिश शिकणाऱ्याने एकदा पोर्तुगीजचा हा भाग पाहावा, कारण स्पॅनिशमध्ये जो सांधा बुजला आहे तो तेथे उघडा दिसतो.

तरीही सरावात ‘कान्त्-आ-रे’ असेच लिहावे. आजच्या स्पॅनिश भाषकाला ‘कान्तार’ आणि ‘ए’ असे दोन शब्द त्यात जाणवत नाहीत. ‘तेन्द्रे’ (माझ्याजवळ असेल) हे रूप पाहिले की ऐतिहासिक फोडीची अडचणही कळते: ‘तेनेर’मधला विकरण-स्वर ए गळाला, न् आणि र् शेजारी आले, आणि उच्चाराच्या सोयीसाठी मध्ये द् शिरला. हा द् धातूचाही नाही आणि प्रत्ययाचाही नाही. भविष्यकाळापुरता धातू ‘तेन्द्’ असा होतो असे मानून ‘तेन्द्-रे’ अशी फोड करणे त्यातल्या त्यात सोयीचे. अक्षरे मात्र निःसंशय तेन्-द्रे.

नवशिकी

दोघांचेही मनापासून आभार. वदामःच्या उदाहरणाने मुख्य गुंता सुटला. पण ही पद्धत भूतकाळाच्या रूपांना लावू लागले तेव्हा पुन्हा अडले. ‘कान्तास्ते’ (तू गायलास), ‘कोम्यो’ (त्याने खाल्ले), ‘लेयो’ (त्याने वाचले) यांत ‘बा’सारखा सुटा तुकडा सापडत नाही. शिवाय ‘बुस्कार’चे (शोधणे) ‘बुस्के’ (मी शोधले) होते तेव्हा रोमन लिपीत सी जाऊन क्यू आणि यू येतात. मग धातू बदलला असे धरायचे का?

उत्तर: हलन्त

शेवटच्या शंकेचे उत्तर सोपे आहे आणि ते देवनागरीच देते. ध्वनी क् हाच राहिला, धातू ‘बुस्क्’ हाच राहिला. ए या स्वरापुढे सी अक्षराचा उच्चार बदलतो म्हणून लेखनात तडजोड करावी लागली, इतकेच. ‘येगार’चे (पोहोचणे) ‘येगे’ होताना जी आणि ए यांच्यामध्ये यू घालतात तेही याच कारणाने. ‘कोन्तार’ (मोजणे, सांगणे) आणि ‘क्वेन्तो’ (मी सांगतो) यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे आघात, म्हणजे उच्चारातला जोर, धातूवर आला की ओ या स्वराचा खरोखरच ‘वे’ होतो, म्हणून कोन्त् आणि क्वेन्त् ही एकाच धातूची दोन रूपांतरे मानावी लागतात.

या भूतकाळाविषयी आपले निरीक्षण योग्य आहे: त्यात काळ आणि पुरुष एकमेकांत मिसळलेले आहेत. ‘कान्त्-आ-स्ते’मधला ‘स्ते’ एकाच वेळी भूतकाळही सांगतो आणि ‘तू’ही सांगतो. इतर बहुतेक काळांत ‘तू’चे रूप स्-काराने संपते, येथे तसे होत नाही, म्हणून बोलीत पुष्कळ लोक शेवटी एक स् जोडून ‘कान्तास्तेस’ म्हणतात. प्रमाणभाषेत ते अशुद्ध मानले जाते, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ते बोलके आहे, कारण ज्याने कधी व्याकरण उघडले नाही त्याच्याही मनात पुरुषवाचक कप्पा वेगळा असतो हे त्यातून दिसते.

‘कान्तास्ते’ची अक्षरे मात्र कान्-तास्-ते अशी होतात. येथे मराठी माणसाने विशेष जपावे. आपल्याला ‘स्तुती’, ‘स्थान’ यांनी शब्द सुरू करण्याची सवय असल्यामुळे ‘स्ते’ हे एक अक्षर मानण्यात काही वावगे वाटत नाही. पण स्पॅनिशमध्ये स् आणि व्यंजन यांनी अक्षर सुरूच होऊ शकत नाही. लॅटिन ‘स्तारे’चे स्पॅनिशमध्ये ‘एस्तार’ झाले आणि ‘स्कोला’चे ‘एस्क्वेला’, ते याच कारणाने. त्यामुळे प्रत्ययाचा स् उच्चारात त्याच्या आधीच्या अक्षराला चिकटतो. धातूचे व्यंजन पुढे सरकते आणि प्रत्ययाचे मागे सरकते, अशी दोन्ही दिशांची ओढ या एकाच शब्दात दिसते.

‘कोम्यो’ची अक्षरे को-म्यो अशी दोन, कारण आघात शेवटच्या ओ वर आहे आणि त्याआधीचा इ अर्धस्वर बनून म् ला चिकटला आहे. तुकडे कोम्-इ-ओ असे तीन. ‘लेयो’मध्येही तोच इ आहे, पण धातू ‘ले’ स्वरान्त असल्यामुळे तो दोन स्वरांमध्ये सापडतो आणि त्याचा य होतो. म्हणजे य हा धातूचा भाग नसून विकरण-स्वराचे रूप आहे. याउलट ‘कोमीआमोस’मध्ये (आम्ही खात होतो) आघात ई वर आहे, म्हणून ई आणि आ एकत्र येत नाहीत आणि अक्षरे को-मी-आ-मोस् अशी चार होतात. त्या ई आणि आ यांना दोन तुकडे मानावे (कोम्-ई-आ-मोस्) की एकच (कोम्-ईआ-मोस्) याविषयी व्याकरणकारांत एकमत नाही. मला पहिली मांडणी पटते, कारण तीमुळे पहिल्या कोटीच्या कान्त्-आ-बा-मोस् शी कप्पे जुळतात. लॅटिनमध्ये येथेही ब् होता आणि तो नंतर लोपला.

आघाताविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. लॅटिनमध्ये ‘कान्ताबामुस’चा आघात ‘बा’ वर होता आणि इटालियनमध्ये ‘कान्तावामो’चा आघात आजही ‘वा’ वरच आहे. स्पॅनिशने तो मागे ओढून ‘ता’ वर आणला, जेणेकरून या काळाच्या सहाही रूपांत तो विकरण-स्वरावरच पडावा. अक्षरे मोजून आघात ठरवण्याऐवजी भाषेने येथे प्रत्ययांची चौकट पाहून तो ठरवला.

उत्तर: ओळजुळारी

मी स्पॅनिश मजकुराची अक्षरजुळणी करतो, त्यामुळे ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचा प्रश्न रोज येतो. त्याविषयी थोडे लिहितो, कारण ही तिसरीच फोड आहे आणि ती वरच्या दोन्हींशी गल्लत करून टाकते. ओळ तोडताना सामान्यतः अक्षरांची फोड पाळतात, परंतु शेजारी आलेले दोन स्वर, ते वेगवेगळ्या अक्षरांत असले तरी, वेगळे करीत नाहीत. ‘कोमीआमोस’ची अक्षरे चार असली तरी ई आणि आ यांच्यामध्ये ओळ तोडता येत नाही, ‘को’ नंतर किंवा ‘मोस्’ आधी तोडावी. तसेच एकटा स्वर ओळीच्या टोकाला ठेवत नाहीत, म्हणून ‘आब्रिमोस’चा आ मागे सोडायचा नाही. अर्थाला वाव मिळतो तो उपसर्गांच्या बाबतीत: ‘देसार्मार’ (निःशस्त्र करणे) याची अक्षरे दे-सार्-मार् अशी आहेत, पण ‘आर्मार’ हा स्वतंत्र शब्द असल्यामुळे ओळीच्या शेवटी ‘देस्-आर्मार’ असे तोडलेलेही चालते.

अक्षरे मोजण्यावर सगळ्यांचे एकमत असते असेही नाही. ‘र्यो’ (तो हसला) हे रूप मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत एका अक्षराचे म्हणून उच्चारतात, तर स्पेन आणि अर्जेंटिना येथे पुष्कळ जण त्याची रि-ओ अशी दोन अक्षरे करतात. स्पॅनिश अकादमीच्या १९९९ च्या लेखननियमांनी अशा रूपांवर आघातचिन्ह देण्या-न देण्याची मुभा ठेवली होती; २०१० च्या नियमांनी ती काढून घेतली आणि लेखनापुरते हे शब्द एकाक्षरी ठरवले. म्हणजे माद्रिदचा माणूस दोन अक्षरे उच्चारून एकाच अक्षराचा शब्द लिहितो. ‘मी हसतो’ हे रूप मात्र रि-ओ असे दोन अक्षरांचेच असून त्यात आघात पहिल्या अक्षरावर आहे आणि तेथे चिन्ह द्यावेच लागते.

आज्ञार्थ रूपाला सर्वनामे जोडली की बहुधा दोन्ही फोडी जुळतात: ‘दामेलो’ (ते मला दे) म्हणजे दा-मे-लो, कसेही तोडा. ‘बामोस’ला ‘नोस’ जोडताना मधला एक स् गळून ‘बामोनोस’ (चला, निघूया) होते, तेथे ‘मोस्’ हा प्रत्यय अपुरा राहतो आणि फोड करताना तो गळलेला स् लक्षात ठेवावा लागतो. सर्वांत अवघड उदाहरण ‘साल’ (बाहेर पड) याचे आहे. त्याला ‘ले’ हे सर्वनाम जोडून ‘त्याला सामोरा जा’ अशा अर्थाने ‘साल्-ले’ असे बोलता येते. अक्षरे दोन, तुकडे दोन, सगळे स्वच्छ. पण स्पॅनिश लेखनात सर्वनाम क्रियापदाला जोडूनच लिहावे लागते आणि जोडून लिहिले की दोन एल शेजारी येतात, ज्यांचा उच्चार ‘य’सारखा होतो आणि वाचणारा ‘साये’ असे वाचतो. अकादमीने या रूपाबद्दल स्पष्टच म्हटले आहे की ते बोलता येते, परंतु लिहिता येत नाही. हस्तलिखितात असे वाक्य आले तर लेखकाला ते बदलण्याची विनंती करण्यावाचून आमच्यापुढे दुसरा मार्ग नसतो.